कुऱ्हाड्यांचा र

धायरी फाट्यावरच्या मेडिकलमध्ये
पावती निघाली: इंदुमती कुर्हाडे.
बाई म्हणाल्या, हे माझं नाव नव्हे.
माझा र डोक्यावर चढून बसत नाही,
ह च्या कुशीला टेकतो आडवा,
पापणीएवढा.
दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला,
तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?

अक्षरं जुळवणारा तो कोड एका मोठ्या कंपनीचा,
पण खुला. कुणीही वाचा, कुणीही सुधारा,
असं दारावरच लिहिलेलं.
रात्री अकरा ते अडीच.
कॅनॉलकडून डासांसकट येणारा वास,
आणि पडद्यावर तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या, कऱ्हाड:
एकेका ताठ र ला
हाताला धरून खाली उतरवत गेलो.
शेवटी चारच ओळी झाल्या.

पाठवल्या.
अर्ध्या मिनिटात यंत्राने आभार मानले
आणि सात पानी करार पुढे केला:
दिलंत ते आम्ही कसंही वापरू,
उद्या कुलूप घालून विकलं तरी
तुमची हरकत नाही. इथे सही.
शिवाय तुमच्या मालकांचीही.

हिंजवडीत एचआरच्या नाझनीन तांबोळींनी
फॉर्म तीनदा वाचला.
घरी केलंत?
हो.
रात्री?
हो.
आणि पैसे?
...
त्यांनी तो लीगलला दिला, लीगलने बंगळुरूला.
बंगळुरू अजून वाचतंय.

पाणपोईचा गळका नळ
आपल्या खिशातला वायसर घालून नीट करावा,
आणि रखवालदाराने विचारावं,
वायसरची पावती?

साठाव्या दिवशी यंत्र पुन्हा आलं:
हालचाल नाही, सबब बंद.
'सबब' माझं. त्यांचा शब्द
शिळ्या पावाला लावतात तो होता.

दिवाळीनंतरच्या आवृत्तीत तळाशी एक ओळ:
देवनागरी, अंतर्गत सुधारणा.
उघडून पाहिलं. त्याच चार ओळी.
मी व्हेरिएबलला 'पापणी' नाव दिलेलं,
घाईत स्पेलिंगही चुकवलेलं,
ते तसंच.
अर्थ विचारायला त्यांना
कुणी सापडलं नसावं.

चार दिवस कुणाशी धड बोललो नाही.

मग मेडिकलमध्ये
पावती निघाली: इंदुमती कुऱ्हाडे.
बाईंनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं,
मी श्वास धरून.
म्हणाल्या, गोळ्या सतरा रुपयांनी महाग कशा?

पावती मी मागून घेतली.
१७ मधला ७
ओळीच्या जरा खाली घसरलाय.
हे आधी कुणी कळवलंय का,
घरी जाऊन बघायला हवं.