मधले सहा रकाने

झोळी अडकवली की काटा आधी शून्यावर आणायचा.
आटपाडीच्या प्रशिक्षणात हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं,
रिकाम्या झोळीलाही वजन असतं म्हणून.

विभूतवाडीच्या माळावर काल रात्री मेंढरं परत आली.
चिपळूणकडची तांबडी माती अजून खुरांत आहे,
घोडी सामानासकट उभी,
आणि वैजंता पुकळेच्या कडेवर बिरू,
वय एक वर्ष आठ महिने.
माझ्या रजिस्टरात तो अजून
एक वर्ष एक महिन्याचाच आहे.

झोळीत बसेना.
पाय आखडून घेतले, तबकडीकडे बघून टाहो फोडला.
धुळा म्हणाला, "बाई, आदी कोकरू घाला की,
त्येला बघून बसंल."
घातलं.
कोकरू गपगुमान लोंबकळलं,
सहा किलो दोनशे.
सगळी वस्ती हसली, बिरूही हसला
आणि हसण्याच्या नादात झोळीत गेला.

आठ किलो सहाशे.
डोळ्यांच्या रेषेत धरून पुन्हा वाचलं.
आठ किलो सहाशेच.

दिवाळीचा ठिपका हिरव्यात होता, आठ तीनशेला.
आजचा पिवळ्यात पडला.
मध्ये सहा रकाने कोरे.
नियम असा की हुकलेल्या महिन्यांवरून रेघ ओढायची नाही,
दोन ठिपक्यांत काय झालं ते आपण पाहिलेलं नसतं.
मोबाईलला मात्र कोरं चालत नाही,
आणि पर्यवेक्षिका मॅडम फोनवर म्हणतात,
अंदाजे टाका हो, टक्केवारी खाली येते.

एकदा टाकलं होतं मी अंदाजे.
शेंडग्यांच्या पोरीचं, सात किलो चारशे,
मागच्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त,
कारण जास्त बरं दिसतं.
त्या तारखेला ती मिरजेच्या सिव्हिलमध्ये
सलाईन लावून पडली होती,
आणि इकडे माझ्या अक्षरात
शंभर ग्रॅमनं वाढत होती.

"मधी कुठं वजन केलंस का गं? एखादं कार्ड, चिठ्ठी?"
"एका गावात दोन रातीच्या वर मुक्काम न्हाई बाई,
कोण करतंय."
मग काय वाटलं कोण जाणे,
घोडीच्या पाठीवरचं बोचकं सोडून
तिनं चोळीच्या चिंधीत गुंडाळलेले
काळ्या दोऱ्याचे दोन तुकडे काढले.
करदोटे.

"ह्यो दिवाळीचा. रुताय लागला, म्हून कापला.
ह्यो संक्रांतीचा. ह्योबी रुतला.
आन् कमरंला हाय त्यो शिमग्याला बांधल्याला."
बिरूचा सदरा वर करून दाखवलं,
एक गाठ होती, तिच्याआड दुसरी, जवळ, घट्ट.
"ही मागनं मारली. सैल पडाय लागला व्हता.
पाडव्याच्या म्होरं जुलाब लागलं,
आठ दीस नुसतं पाणी."

दोन गाठींमध्ये अर्धं बोट दोरा.

मी टेप काढली, दोरे मोजले,
एकावर एक इंच सव्वा इंच वाढलेले.
मग लक्षात आलं, कमरेचा रकाना नाही
कुठल्याच फॉर्मात.
दंडाची पट्टी लावली, तीही पिवळ्यावर थांबली.
गुरुवारी डॉक्टरांकडे यायला सांगितलं,
आणि शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं:
शिमग्यापर्यंत वाढ. पाडव्यानंतर उतार.
आईने सांगितले.
ॲप लाल होऊन बसलंय, बसू दे,
रकाने कोरेच ठेवले.

वैजंतानं दोरे चिंधीत परत गुंडाळले.
"त्या मोकळ्या जाग्यात काय लिवनार?"
"काही नाही."
"मंग ऱ्हाऊ द्या तसंच," ती म्हणाली,
आणि पोराला चड्डी घालू लागली.

पुढचं मूल यायच्या आत काटा शून्यावर आणते.
वारा आहे, झोळी हलते, सुई थांबत नाही.
तेवढ्यात धुळा मागून विचारतो,
"कोकराचं लिवलं न्हवं?"