शुक्रवारी, निझव्यात

पहाटे पाचला मस्कत सोडलं.
जावई गाडी चालवता चालवता सांगत होता :
किल्ला, खजूर, चांदीचे खंजीर,
आणि वेळ उरलाच तर जनावरांचा बाजार.
वास येतो, म्हणाला, पण फोटो छान मिळतात.
मी गप्प.
एकतीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढलेल्या माणसाला
वासाचं काय सांगायचं.

कृत्तिकानं गळ्यात कॅमेरा अडकवलेला,
डोक्यावर उंटाचं चित्र असलेली टोपी.
गाडीच्या काचेत पाहिलं तेव्हा
मलाच कुणी विकायला काढल्यासारखा दिसत होतो.

बाजार म्हणजे एक रिंगण.
कडेनं माणसं दोन रांगांत,
पांढरे पायघोळ झगे, भरतकामाच्या टोप्या,
आणि मुखवट्याआडून पाहणाऱ्या वाळवंटातल्या बायका,
ज्यांना फसवायची कुणाची छाती होत नसावी.
रांगांमधल्या वाटेवरून शेळ्या फिरवत होते,
करडं तर काखेत, घडी केलेल्या वर्तमानपत्रासारखी.
फिरवणारा भाव ओरडत पुढं जायचा.
ज्याला हवी त्यानं हात लावून अडवायची.

"इथंही त्याला दलालच म्हणतात," जावई म्हणाला.

माझा दलाल म्हणजे येताळा बंडगर.
रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबायचा,
एक बोट म्हणजे शंभर की हजार
ते त्या दोन हातांनाच ठाऊक.
इतकी वर्षं शेजारी उभा राहिलो,
एक भाव कधी कानावर आला नाही.
इथं आकडा घसा फोडून हवेत.
येताळा असता तर मान खाली घातली असती,
भर चौकात कुणाचं धोतर सुटल्यासारखी.

मग एक तांबडी शेळी माझ्यासमोर आली
आणि माझा हात पुढं गेला.
मी नाही नेला. गेला.
अंगठ्यानं ओठ वर सारला : चार दाती.
तसाच पोटाखालून कासेकडे,
उजवं सड मऊ, डावं...

दलाल थांबला.
रिंगण थांबलं.
हात लावला म्हणजे मी गिऱ्हाईक.
खल्फान की काय नाव होतं त्याचं, सगळे हाका मारत होते,
त्यानं भुवया उडवून किंमत विचारली,
मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिलो.
पलीकडे शेळीची मालकीण.
मुखवट्याच्या फटीतून दोन डोळे.
तिला कळलं होतं की मला कळलंय.

खल्फान हसला, लोकांकडे वळून म्हणाला, "गरीब!"
सगळे हसले, आणि दोरी पुढं गेली.

मला राग आला. पेन्शन आहे मला.
तर जावई घाईघाईनं,
बाबा, अरबीत गरीब म्हणजे परका,
लांबून आलेला, बाकी काही नाही.
आपल्याकडे येता येता
या शब्दाच्या खिशातले पैसे कुठं पडले असतील?
की लांबून आलेल्याचा खिसा
लोकांना आधीपासूनच माहीत होता?

पुढच्या फेरीत शेळी विकली गेली.
पोरगेलासा एक माणूस, सोबत लहान मुलगी,
तिनं लगेच शेळीच्या गळ्यात हात टाकला.
मला दोन शब्द बोलता आले असते,
दोन शब्द जावयाला सांगता आले असते.
मी किल्ल्याच्या बुरुजाकडे पाहत राहिलो,
पर्यटकासारखा.

नंतर केशरी हलवा खाल्ला, त्याच हातानं.
कृत्तिका म्हणाली, बाबा, हात धुवा आधी.
म्हटलं, राहू दे थोडा वेळ.

कॅमेऱ्यात एकच फोटो निघाला, चुकून दाबला गेलेला :
धूळ, चार खूर, माझे नवे बूट.

नोंदवहीत लिहायचो तसं लिहून ठेवतो.
शेळी, मादी, तांबडी. चार दाती.
डाव्या सडात गाठ, सुपारीएवढी.
तपासणाराची सही आहे.
शेरा :