सहावं बटण

संकेश्वरच्या बायपासला, वजनकाट्याच्या अलीकडं
लगमाण्णानं गाडी उभी केली तेव्हा
डॅशबोर्डातनं जळक्या रबराचा वास येत होता.
'हे कुणी केलंय?' मी विचारलं.
'हत्तरगीच्या ढाब्यावर एकानं. रात्रीत करून दिला.'
दिसतच होतं.
सगळं ओझं एकट्या पार्किंगच्या वायरीवर:
फॉग, पंखा, हॉर्न, डाल्याची लाईट, तसबिरीवरची माळ,
बारक्या पोराच्या डोक्यावर
मोठ्या माणसाचा भारा द्यावा तसं.

आधी बॅटरीचं तोंड सोडलं.
यल्ल्या, हे पहिलं. बाकी काहीही हातात घ्यायच्या आधी हे.
मग ओढून काढली सगळी आतडी,
चिकटपट्टीची गाठोडी, नुसती पिळलेली टोकं,
निळीला पिवळी, पिवळीला अजून कसली तरी.

नवी लाल वायर थेट बॅटरीवरून आणली,
वीतभर अंतराच्या आत फ्यूज,
पत्र्याच्या भोकात रबराची बांगडी, नाहीतर
घाटातल्या हादऱ्यांनी पत्राच वायर सोलतो.
रिले चार पायांचा.
तीसवर बॅटरी, सत्त्याऐंशीवर दिवा,
पंच्याऐंशी अर्थला, शहाऐंशी बटणाकडं.
बटण नुसतं सांगतं, ओझं रिले उचलतो.
'आमच्या घरात पण असंच हाय,' यल्ल्या म्हणाला,
'आई सांगती, मी उचलतो.'

अर्थसाठी चासीचा रंग खरवडला,
चकचकीत लोखंड लागेपर्यंत.
रंगावरच आवळून टाकलेला अर्थ
गॅरेजात लागल्यासारखा वाटतो,
रस्त्यावर दिवा मिणमिणतो.

पाच बटणं बसली.
स्टिकर कुठल्या भाषेतले लावू म्हटलं,
कानडी आहेत, मराठी आहेत,
गोव्याच्या गाड्यांसाठी आणलेले इंग्लिशही आहेत थोडे.
लगमाण्णा हसला.
'बोटास्नी वाचाय येत न्हाई.
पंख्याला चाकूनं एक खाच मार, हॉर्नला दोन. साकु.'

सहावं बटण हातात घेतलं.
मागचा दिवा, पांढरा, फळीच्या खाली.
'ह्येला बटण नगो.'
'असू दे की अण्णा, रात्री माल उतरताना सोयीचं...'
'नगो. गिअर मागं पडला की लागाय पायजे.
मी इसरलो तरी.
माझ्या मनात नसलं तरी.'

मी पुढं विचारलं नाही.
निपाणीत तंबाखूच्या गोदामापुढं, गेल्याच्या गेल्या वर्षी,
लाईट गेलेली असताना काय झालं
ते ह्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.
त्याचा नवा क्लीनर कधी मागं उभा राहत नाही,
बाजूनं चालतो, तळव्यानं फळी बडवत,
आणि तळवा थांबला की गाडी थांबते.

गिअरबॉक्सपासून शेपटापर्यंत वायर
एकसंध ओढली. मधे कुठं जोड दिला नाही.
पॅनलवर एक भोक उरलं,
त्यात काळं रबरी बूच दाबलं.
नऊशे सांगितले. त्यानं हजार ठेवले
आणि शंभराची वाट न बघता वर चढला.

अंधारून आलं होतं.
गाडी मागं घेतली तशी
त्या पांढऱ्या उजेडात माझी अख्खी जमीन दिसली:
वायरीची सालं, तुटके लग, ग्रीसचे जुने डाग,
दुपारपासून हुडकत असलेला बारा नंबरचा पाना,
आणि पान्याशेजारी
यल्ल्याची अनवाणी पावलं.

गाडी जागच्या जागी थांबली.
बराच वेळ थांबली.

यल्ल्यानं पाना उचलला, बाजूला झाला,
आणि कुणी सांगितलं नसताना
फळीवर तळवा मारला.