काठातला आकडा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, तिसऱ्या पाळीला
मी टॉवेलच्या काठात टॅग शिवते.
तिळाएवढी चिप, दोन बाजूंना तारेची शेपटी.
सेल नाही, वायर नाही.
पहिल्या दिवशी म्हटलं, ही तर मेलेलीच की.
येलगुंडे सर म्हणाले, नागमणी,
मेली नाही. कुणी विचारत नाही तोवर गप्प आहे.

रीडर जवळ नेला
की त्याच्या प्रश्नातलीच चिमूटभर वीज
ती उसनी घेते,
तेवढ्यावर जागी होते, आकडा सांगते,
परत निजते.

एका गठ्ठ्यात साठ टॉवेल.
सगळ्या एकदम बोलल्या तर कालवा.
म्हणून ज्या त्या चिपनं मनात एक संख्या धरायची,
उलटी मोजत यायचं, शून्याला तोंड उघडायचं.
दोघींचं शून्य एकाच वेळी आलं
तर दोघींनी थांबायचं, नवी संख्या धरायची.
(विडी घरकुलात पाचव्या दिवशी पाणी येतं
तेव्हा नळावर
हे कुणीच पाळत नाही.)

आणि आता नवा माल आलाय,
त्यात आकडा बाहेरून भरायचाच नाही.
चिप घडताना जी बारीक खोट राहते
तिच्यातूनच तो उगवतो म्हणे.
साचा एक, वाळू एक, तरी खोट निराळी.
नक्कल करायला गेलं तर
आपलीच खोट मध्ये येते.

मला आईचा अंगठा आठवला.
कारखान्यात विड्या द्यायला गेली
की मुनीम पासबुक उघडायचाच नाही.
दोऱ्याची गाठ डावीकडे कललेली
म्हणजे येमूलबाईचा कट्टा.
अंगठा मोडला होता तिचा, पाट्याखाली,
मी पोटात असताना.
त्या गाठीपायी किती छाट काढली त्यानं,
त्याचा आकडा कुठेच नाही.

सकाळी सहाला गेटवरच्या यंत्रापुढे
मी गळ्यातलं कार्ड धरते.
ते बोलतं. मला कुणी काही विचारत नाही.

घरी येते. अंगात काही उरलेलं नसतं.
चपला काढायच्या आधीच आतून आई,
तंबाखूनं बसलेल्या आवाजात,
"तिन्नावा?"
जेवलीस का.

तेवढ्यावर मी, उंबऱ्यात,
"तिन्नानु."

खोटं असतं बऱ्याचदा.
तिला कळतंच, ताट वाढलेलं असतं.