मोटर, नग एक

स्टोअरच्या खिडकीतून मी पोरांना ओळखतो ते हातांवरून.
चेहरे वर राहतात, जाळीपलीकडे;
खालच्या फटीतून सरकतात बोटं आणि चिठ्ठी:
तेरा-चौदाचा पाना एक, सोल्डरिंग गन एक,
मोटर, नग एक.

ही मोटर बसच्या वायपरची.
अंबड लिंक रोडच्या भंगारातून ऋजुता बोरस्तेनं
अडीचशेची दीडशेला आणली.
त्या वर्षी निर्माल्याचं यंत्र होतं:
वरून झेंडू टाकायचा, खालून भुगा.
गंगेवर नेलं, रामकुंडाच्या अलीकडे.
झेंडूमागून नारळाची शेंडी गेली,
मग एक लाल दोरा, मग दोराच दोरा.
पात्याला असा गुंडाळून बसला
जसा काही नवस पात्यानंच बोललेला.
परीक्षकांनी विचारलं, पुढे सुधारणा काय करशील?
ती म्हणाली, सर, कात्री.
पंचवीसपैकी एकोणीस.

यंत्र माझ्याकडे आलं. सगळीच येतात.
मे संपेस्तोवर या खोलीत
पर्यावरण वाचवणाऱ्या वस्तूंमुळे
पाय ठेवायला जागा नसते.
पुढच्या बॅचला मी म्हटलं, सांगाडा राहू द्या, मोटर काढून घ्या.

जुबेर कोकणीच्या ग्रुपनं ती कांद्याच्या चाळीला लावली,
निफाडला, कुणाच्या तरी मामांकडे.
सडका कांदा वासावरून हेरायचा,
की मोटरनं झडप उघडायची, वारा आत.
सेन्सर चोख होता. इतका, की
मामींनी घरात लसणाची फोडणी दिली
की तिकडे चाळीची झडप उघडायची.

मग पानवेलीची होडी. तीन निळी पिंपं, सरकता पट्टा.
आनंदवल्लीला वेल निघाली, खरंच निघाली,
चार टोपल्या.
मागे वळून पाहिलं तर मोकळ्या पाण्यात
दुसरी सरकत आलेली, बिनबोभाट,
रेशनच्या रांगेत पुढे सरकावं तशी.
परतताना पट्टा तुटला. कडलग सर
कमरेइतक्या पाण्यातून होडी ढकलत आणत होते
आणि खिशातला मोबाईल वाजत होता,
वाजायचा थांबला.

मोटरचं काय, तिला फिरणं माहीत.
चिखल पुसला, ग्रीस भरलं, फळीवर ठेवली.
अंगावर तीन बॅचची नावं, मार्करनं, एकावर एक,
आता कुणाचंच वाचता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी समाधान भोये आला. सुरगाण्याचा.
चिठ्ठीत प्रोजेक्टचं नाव नाही, गाईडची सही नाही.
कशाला रे?
नागली चाळायला. आईचा खांदा धरलाय.
आणि मार्क?
याला मार्क नाहीत, सर.

मला कुणी सर म्हणत नाही. मामा म्हणतात.
रजिस्टरचे रकाने सहा; सहावा, परतीची तारीख.
तिथे मी रेघ मारली,
पेन्सिलीनं, कारण ऑडिट येतं.

सुट्टी संपली. मोटर आली नाही.
फटीतून बोटं आली, नखांत तांबूस भुसा,
आणि चिठ्ठी: फ्यूज, दहा अँपिअर, नग दोन.
दोन कशाला?
पहिला गेला. शेजारच्या तिघीजणी
आपापली पाटी घेऊन येतात आता,
थांबू देत नाहीत मोटरला.

मी पाच दिले.
लिहिले दोन.