अळणी

गुहेत एका वेळी सहा जणांनीच श्वास घ्यायचा.
सातवा आला की दारावरचा दिवा लाल होतो.
मी सातवी. दुभाषी.
म्हणून उंबऱ्यावर उभी राहते,
एक पाय गान्सूच्या वाळूत, एक पाय आत,
आणि इकडचे शब्द तिकडे देते.

लिस्बनच्या दुआर्तेंनी एक शब्द टाकला,
जिभेला घाम फोडणारा.
नाराच्या किसाकोबाईंनी त्यावर
त्याहून बारीक शब्द ठेवला.
माझ्या भाषेत दोघांनाही जागा सापडेना.
मी लाओ फूंकडे बघितलं.
ते गवंडी. चाळीस वर्षं
या भिंतींची दुखणी काढतायत.
त्यांनी बोट दुमडलं, हलकेच टकटक केली,
बाजारात मडकं वाजवून घ्यावं तशी.
भरीव.
भरीव.
बोधिसत्त्वाच्या कोपराशी आवाज बदलला.
"सोडतेय," ते म्हणाले.
एवढंच मी दोन भाषांत सांगितलं.
सगळ्यांच्या माना हलल्या.

दोष मिठाचा आहे.
पाऊस इथे नावालाच,
तरी डोंगराच्या पोटातून ओल चालत येते,
घाई न करता, शतकं मोजत,
येताना मीठ आणते आणि रंगाच्या पाठीशी बसते.
हवा दमट झाली की मीठ विरघळतं,
कोरडी झाली की फुगतं,
आणि एका सकाळी हिरवा शेला
कपचीसारखा फरशीवर मिळतो.
माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे.
भिंतीला ते जमत नाही.

किसाकोबाई ओल्या कागदाचा लगदा लावतात,
तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा.
कागद मीठ पितो. मग तो सोलून काढायचा, वजन करायचं.
चार ग्रॅम.
चार ग्रॅमसाठी तीन देश, अडीच वर्षांचे अर्ज,
आणि एका सहीसाठी अडलेला माझा अख्खा मार्च.

पोकळी भरायला दुआर्तेंनी अकरा मिश्रणं आणली होती,
बाटल्यांवर नंबर, नंबरांवर टिपा.
एक फार कडक, एक फार जड,
एक सुकताना अशी आकसली
की तेच हसले आधी.
लाओ फू नदीच्या पात्रातली माती घेऊन आले,
सात पाण्यांनी धुतलेली.
चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकले.
"अळणी."
स्वयंपाकघरात हा शब्द ऐकून
माझ्या आईने आठवडाभर अबोला धरला असता.
इथे ती दाद होती.
दुआर्तेंनी यंत्र बुडवलं, आकडा बघितला,
पुन्हा बुडवलं,
मग स्वतःच चिमूट उचलून जिभेवर ठेवली.

शेवटच्या आठवड्यात ते कोपऱ्यात पोचले.
तिथे काजळी आहे, छातीइतक्या उंचीपर्यंत,
दोन अप्सरांचे पाय गिळून बसलेली.
अहवाल आला: पॉपलरचं लाकूड, मेंढीची चरबी,
शंभर वर्षांच्या आतलं.
दुआर्ते म्हणाले, घाण.
किसाकोबाई म्हणाल्या, तोही इतिहास.
मी दोघांचं दोघांना सांगितलं.
सांगितलं नाही ते इतकंच
की त्या हिवाळ्यात मेंढ्या आमच्या होत्या,
शेकोटी माझ्या आजोबांची,
आणि त्या धुरात माझे वडील
चालायला शिकले.

दुभाष्याने पदरचं काही घालू नये.
मी उंबऱ्यावर उभी.
दिवा हिरवा.

लाओ फू बराच वेळ कोपऱ्याकडे बघत राहिले.
आमच्याच गल्लीतले ते.
मग म्हणाले, "तिथे भरीव आहे. हात लावू नका.
काजळीखाली भिंत सोडत नाही."
मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.
दुआर्तेंनी नकाशावर त्या जागी
पेन्सिलने गोल केला, तारीख घातली.

टकटक मात्र
कुणी केलेली मी ऐकली नाही.