उशी

फेरो बेटांवरच्या या गावात एकोणतीस घरं,
माणसांपेक्षा मेंढ्या जास्त
आणि मेंढ्यांपेक्षा वारा.
चर्च लाकडाचं, छपरावर गवत.
त्याची किल्ली माझ्याकडे असते,
पिठाच्या डब्यामागे, खिळ्याला.

शनिवारी मी झाडते.
बाकं पुसते, मेणबत्त्यांचे ओघळ खरवडते,
वेदीवरचं कापड झटकून सरळ करते.
एकाच वस्तूला चार वर्षं हात लावला नव्हता:
छताला टांगलेलं छोटं जहाज,
पूर्वी कधी वादळातून वाचलेल्या कुणीतरी
नवस फेडायला कोरलेलं.

वाचलेल्याने.

माझा यालग्रीम फेब्रुवारीत मासेमारीला गेला.
सातजणांपैकी सहा सापडले.
त्याचा फक्त एक हातमोजा मिळाला, डावा,
मीच विणलेला,
अंगठ्याशी एक टाका चुकलेला.

तेव्हापासून जहाजावर धूळ साचत गेली,
शिडांमध्ये कोळ्याने संसार मांडला.
रविवारी सगळं गाव मान वर करून बघायचं
आणि तोंडात मिठाची गुळणी धरून घरी जायचं.
मी तिसऱ्या बाकावर,
गाताना ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही.
देवाला एवढं कळू दे
की मी आले आहे, पण बोलत नाही.

पाळक आमच्याकडे तीन आठवड्यांनी येतात.
एरवी सुन्लाइफ मास्तर प्रवचन वाचतात
जुन्या वहीतून, हजेरी घ्यावी तसं.
त्या रविवारी वाचलं: सरोवरात वादळ,
नावेत पाणी, शिष्यांची बोंबाबोंब,
आणि तो मागच्या टोकाला, उशीवर डोकं ठेवून झोपलेला.

पुढे वारा थांबतो. ठाऊक होतं मला.
ते ऐकायचं नव्हतं. आमचा नाही थांबला.
पण उशी?
साठ वर्षं ही गोष्ट कानावरून जातेय,
उशी कधी ऐकू आली नव्हती.
कुणाची असेल?
कुणीतरी म्हणालं असेल, घ्या हे, मानेखाली.
आणि पाय भिजत असतानाही ज्याचा डोळा उघडत नाही
तो किती दमला असेल.
यालग्रीम असाच झोपायचा,
बुटांसकट, तोंड उघडं टाकून.

शनिवारी शिडी लावली.
जहाज उतरवून मांडीवर घेतलं, आजारी मुलाला घ्यावं तसं.
कोळ्याला खिडकीबाहेर पोचवलं,
फळ्यांना जवसाचं तेल चोळलं,
तुटके दोर काळ्या दोऱ्याने सांधले.
मग एप्रनच्या खिशातून ती काढली.
आदल्या रात्री हातमोज्याचा अंगठा उसवला होता,
त्याच लोकरीची, नखाएवढी,
आत चिमूटभर पिंजलेली मऊ लोकर.
जहाजाच्या मागच्या टोकाला ठेवली.
खालून दिसत नाही. तिन्ही बाजूंनी बघून घेतलं.

प्रार्थना करावी म्हटलं, पण शब्द गंजले होते.
एवढंच म्हणाले: झोप.
कुणाला म्हणाले, मलाही नीट कळलं नाही.

रात्री नैर्ऋत्येचा वारा उठला.
कौलं नाहीत आमच्याकडे, नाहीतर उडाली असती;
शेजारच्या सुन्वाचं कोंबड्यांचं खुराडं मात्र उडालं.
मी समुद्र ऐकत पडले होते.
त्याला मी माफ केलेलं नाही.
तो तसाच आहे, मीही.
पण छातीतल्या ज्या नावेतलं पाणी
मी चार वर्षं उपसत होते
तिच्यात मागे कुणीतरी होतं,
श्वास संथ, कसलीच घाई नसलेला.
मी हळूच बादली खाली ठेवली.

सकाळी दार वाजलं तेव्हा ऊन टेबलापर्यंत आलेलं.
सुन्लाइफ मास्तर किल्लीसाठी उभे,
मागे अर्धं गाव, उपासनेला खोळंबलेलं.
"मारयून, बरं नाही का?"
"तसं नाही," म्हटलं.
"झोप लागली."